सायबरस्पेस पडद्यावर दाखवायचं तर आधी अंतर कशाचं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात कलाशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म करते आहे. शाहूपुरीतल्या एका निवृत्त मास्तरांना फोन येतो, ते ओटीपी सांगून बसतात आणि खात्यातले पैसे जातात. पैसे कुठून कुठे गेले हे दाखवणारा दीडेक मिनिटाचा प्रसंग तिला हवाय. बजेट जवळपास नाहीच. मित्रांचं म्हणणं, काळ्यावर निळी जाळी टाक नाहीतर हिरवी अक्षरं पाड, लोकांना कळतं. तिला ते पटत नाही. चित्रकारांनी आणि सिनेमावाल्यांनी आजवर सायबरस्पेस, म्हणजे नेटवर्कच्या आतली न दिसणारी जागा, कसं दाखवलं आणि आपण काय करावं, असं तिने विचारलंय.

मोशन ग्राफिक्सचं काम मी आधी मुंबईत केलं, आता राजारामपुरीतून करतो. असला ‘इंटरनेटचा शॉट’ मागणारे लोक सारखे येत असतात, त्यामुळे या विषयावर माझं मत जरा पक्कं झालेलं आहे.

कोल्हापूर ते पन्हाळा वीसेक किलोमीटर आहे, आणि नकाशा कोणीही काढला तरी ते तेवढंच राहतं. नेटवर्कमध्ये असं आयतं अंतर मिळत नाही. दोन यंत्रं जवळ आहेत की लांब, हे तुम्ही काय मोजता त्यावर ठरतं. किलोमीटर मोजा, मिलिसेकंद मोजा, मधले टप्पे मोजा, एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला लागणारे क्लिक मोजा, दर वेळी वेगळंच चित्र येतं. ज्यांनी आधी माप ठरवलं त्यांची चित्रं अजून बघावीशी वाटतात. ज्यांनी आधी रंग ठरवला त्यांची वॉलपेपर झाली.

निळ्या जाळीपासून सुरू करू. ती आली मुख्यतः १९८२ च्या ‘ट्रॉन’मधून. सगळा सिनेमा कॉम्प्युटरवर केला असं लोकांना वाटतं, पण खरी संगणकीय दृश्यं त्यात पंधरा-वीस मिनिटांचीच होती. बाकीच्या भागात नटांना काळ्या सेटवर काळ्या-पांढऱ्या ६५ मिलिमीटर फिल्मवर शूट केलं, एकेक फ्रेम मोठ्या पारदर्शक फिल्मवर उतरवली, हाताने मास्क कापले आणि खालून उजेड सोडून, रंगीत फिल्टर लावून ते सगळं पुन्हा कॅमेऱ्यात घेतलं. कपड्यांवरच्या त्या झळाळत्या रेषा म्हणजे लाइटबॉक्सवरचा खराखुरा उजेड आहे. डिझाइनला सिड मीड आणि फ्रेंच चित्रकार मोबियस होते. संगणकाची कामं चार वेगवेगळ्या कंपन्यांत वाटलेली. त्यातल्या ‘मॅगी’ या कंपनीत केन पर्लिन होते. त्या कामातला गुळगुळीत, यांत्रिकपणा त्यांना खटकला आणि त्यावर उतारा म्हणून त्यांनी जे गणित शोधलं त्याला आज सगळे ‘पर्लिन नॉइज’ म्हणतात. १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ढग, धूर करायला जे फ्रॅक्टल नॉइज वापरता ते त्याच घराण्यातलं.

मग जाळीच का? कमी रेषांत खोली दाखवायची असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. एका बिंदूकडे धावणाऱ्या काही रेषा, त्यांना छेदणाऱ्या जवळजवळ येत जाणाऱ्या आडव्या रेषा, आणि सपाट पडद्यावर मैदान उभं राहतं. हे आपल्या गावाला नवीन नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता. राजवाड्याच्या पडद्यावर लांब जाणारे खांब आणि लहान लहान होत जाणाऱ्या फरश्या रंगवल्या की चार हातांच्या रंगमंचावर दरबार मावतो. १९२० च्या त्यांच्या ‘सैरंध्री’ या सिनेमामागे हीच नजर होती. ट्रॉनची जाळी म्हणजे त्या फरश्याच, फक्त खालून दिवा लावलेला. म्हणून मी जाळीला नावं ठेवत नाही. माझी तक्रार एवढीच की तिथे एक चौकोन म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही. तो रंगमंच आहे, नकाशा नाही.

सिनेमाने यावर शहर बांधलं. विल्यम गिब्सन यांनी १९८४ च्या ‘न्यूरोमॅन्सर’मध्ये माहितीची तुलना रात्रीच्या शहराच्या दिव्यांशी केली आणि पुढची पंधरा वर्षं पडद्यावर मनोरे उगवत राहिले. १९९५ च्या ‘हॅकर्स’मध्ये मुख्य संगणकाच्या आतलं शहर आहे, चमकणाऱ्या मजकुराचे टॉवर आणि त्यामधून उडणारा कॅमेरा. दिग्दर्शकाला संगणकीय चित्र फार सपाट वाटलं म्हणून त्यांनी ते बरंचसं प्रत्यक्ष मॉडेल बांधून, मोशन कंट्रोल, म्हणजे यंत्राने ठरलेल्या वाटेवर फिरवलेल्या, कॅमेऱ्याने घेतलं. दिसायला नाद खुळा आहे, पण कुठला टॉवर उंच आणि का, याला उत्तर नाही.

याउलट १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मधला तो सीन घ्या, ज्यात मुलगी चौकोनी ठोकळ्यांवरून उडत जाऊन हवी ती फाइल शोधते. संगणकवाले त्याला अजून हसतात. पण तो खरा प्रोग्राम होता, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने आपल्या यंत्रांसाठी केलेला. ठोकळ्याची उंची म्हणजे फाइलचा आकार आणि ठोकळा ज्या ओट्यावर उभा तो ओटा म्हणजे फोल्डर. त्या काळातल्या भपकेबाज दृश्यांपेक्षा हे हसं झालेलं दृश्य नकाशा म्हणून कितीतरी प्रामाणिक आहे.

हिरव्या अक्षरांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १९९५ च्या जपानी ‘घोस्ट इन द शेल’च्या नामावलीत हिरवे आकडे आहेत, १९९९ च्या ‘मॅट्रिक्स’ने तो धागा उचलला. ती अक्षरं करणारे सायमन व्हाइटली यांनी पुढे सांगितलं की बायकोच्या जपानी पाककृतींच्या पुस्तकांतून ती घेतली होती. म्हणजे तुमच्या मित्रांना जो हॅकिंगचा कोड वाटतो तो मुळात सुशी कशी करायची याचा मजकूर आहे. वातावरण म्हणून ते उत्तम आहे. कुठे काय आहे हे त्यातून काही कळत नाही, आणि कळू नये असाच त्याचा हेतू होता.

आता नकाशावाले. सिनेमा शिकणारी मुलं हा भाग टाळतात, आणि खरा माल इथेच आहे.

डिसेंबर १९६९ मध्ये आर्पानेटला, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाला, चार ठिकाणं जोडलेली होती, तीन कॅलिफोर्नियात आणि एक युटात. त्याचं हाताने काढलेलं चित्र प्रसिद्ध आहे: चार गोल, त्यांना चिकटलेले चौकोन आणि मधल्या रेषा. किलोमीटर कुठेच नाहीत. पुढे याच नेटवर्कचे दोन प्रकारचे नकाशे निघायला लागले, एक अमेरिकेच्या नकाशावर रेषा ओढलेला आणि दुसरा फक्त कोण कोणाला जोडलंय ते सांगणारा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहिल्यात देश दिसतो, दुसऱ्यात कोणता दुवा तुटला तर काय अडेल ते दिसतं.

१९९१ च्या आकड्यांवरून डोना कॉक्स आणि रॉबर्ट पॅटरसन यांनी एनएसएफनेट या अमेरिकेतल्या संशोधन संस्था जोडणाऱ्या नेटवर्कचं जे दृश्य केलं ते मी प्रत्येक नवीन मुलाला दाखवतो. खाली अमेरिका अंधारात पडलेली, वर हवेत नेटवर्कचा सांगाडा तरंगतोय आणि गावागावांतून रेषा वर त्याला जाऊन मिळतायत. शून्य बाइट म्हणजे जांभळा आणि शंभर अब्ज बाइट म्हणजे पांढरा. बघायला सिनेमासारखं आहे, पण त्यातल्या एकाही रंगाला ‘का’ विचारलं तर उत्तर मिळतं.

१९९८ मध्ये बेल लॅब्जमध्ये बिल चेसविक आणि हॅल बर्च यांनी सगळ्या इंटरनेटचा नकाशा काढायला घेतला. त्यांची पद्धत तुम्ही घरी करू शकता, म्हणून नीट सांगतो. नेटवर्कवर माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते, त्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पाकिटावर, एक आकडा असतो. मधला प्रत्येक राउटर, म्हणजे पाकीट पुढे ढकलणारं यंत्र, तो आकडा एकने कमी करतो. शून्य झाला की राउटर पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो की तुझ्या पाकिटाचं आयुष्य माझ्याकडे संपलं. मग मुद्दाम एक आकडा घालून पाठवा, पहिला राउटर नाव सांगतो. दोन घाला, दुसरा सांगतो. असं करत वाट उलगडते. हजारो ठिकाणांकडे रोज अशी पाकिटं सोडून त्यांनी झाड काढलं आणि कधी पत्त्यानुसार, कधी सेवा देणाऱ्या कंपनीनुसार रंग दिले. १९९९ मध्ये युगोस्लाव्हियावर बॉम्बहल्ले चालू असताना तिथल्या फांद्या कशा गळत होत्या हेही त्यांना असंच, लांब बसून दिसलं.

विंडोजवर काळी खिडकी उघडून ‘ट्रेसर्ट’ (tracert) आणि पुढे एखाद्या वेबसाइटचं नाव टाका, म्हणजे हे समोर दिसेल. पहिली ओळ तुमच्या घरच्या राउटरची, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारी, एक-दोन मिलिसेकंद. मग कंपनीची इथली यंत्रणा, मग बहुधा पुणे किंवा मुंबई. मध्येच काही ओळींवर नुसत्या चांदण्या (*) येतात, म्हणजे तो राउटर उत्तर द्यायला तयार नाही. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणून जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागला तर यंत्र फार तर शंभर किलोमीटरवर असणार. मुंबई रस्त्याने पावणेचारशे किलोमीटर धरली तर चारच्या आसपासच्या खाली आकडा जाणं कठीण. आकडा शंभराच्या वर उडाला की बरेचदा आपण समुद्राखालून गेलेलो असतो. विद्यापीठ रोडवर बसून विद्यापीठाचीच वेबसाइट उघडली तरी पाकीट आधी मुंबई बघून येऊ शकतं. त्या काळ्या खिडकीतली ही यादी कॅमेऱ्यावर नीट घेतली तर निम्म्या हॅकरपटांपेक्षा सरस दिसते.

२००३ मध्ये बॅरेट लायन यांनी ‘ऑप्टे’ प्रकल्पातून जो नकाशा केला, काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत तंतूंचा स्फोट, तो तुम्ही नक्की पाहिलेला आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात तो आहे. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, अरे, हे तर मेंदूसारखं, आकाशगंगेसारखं! इथे सावध राहा. बिंदू एकमेकांना ढकलतात, रेषा स्प्रिंगसारख्या ओढतात, असं गणित कुठल्याही मोठ्या जोडणीवर चालवलं की असलेच तंतू निघतात. महाद्वार रोडवरचा कोणता दुकानदार कोणाकडून माल घेतो याची यादी त्यात घातली तरी आकाशगंगाच येईल. जोडण्या खऱ्या आहेत, पण तो आकार गणिताचा आहे, इंटरनेटचा नाही.

कलाकारांनी वेगळं केलं. १९९५ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात नॅटली जेरेमिजेन्को यांनी छताला छोटी मोटर लावून तिच्यापासून आठ फुटांची प्लॅस्टिकची दोरी लोंबती सोडली आणि मोटर ऑफिसच्या नेटवर्क केबलला जोडली. माहिती गेली की दोरी थरथरते. नेटवर्क शांत असेल तर काही सेकंदांनी एखादा झटका, वर्दळ असेल तर गरगर फिरते आणि आवाज करते. स्क्रीन नाही, रंग नाही. लोकांना काम करता करता कळायचं की आज ट्रॅफिक जास्त आहे. या विषयातली माझी सगळ्यात आवडती कलाकृती हीच. १९९७ मध्ये लंडनच्या तिघांनी ‘वेब स्टॉकर’ नावाचा ब्राउझर काढला, तो वेबसाइट पानांसारखी दाखवतच नव्हता. पान म्हणजे वर्तुळ, लिंक म्हणजे रेषा.

२०११ मध्ये ऑस्लोत टिमो आर्नाल आणि त्यांच्या दोन साथीदारांनी चार मीटर उंच काठी केली, तिच्यावर ८० दिवे. वायफायचा जोर जेवढा तेवढे दिवे पेटतात. रात्री कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून कोणीतरी ती काठी हातात धरून रस्त्याने चालत जायचं, की फोटोत पांढऱ्या उजेडाची चढउताराची भिंत उमटते. चालणारा माणूस दिसत नाही, सिग्नल दिसतो. ट्रेव्हर पॅग्लन तर डायव्हिंग शिकून समुद्राच्या तळाशी गेले आणि टेहळणीशी जोडल्या गेलेल्या केबलींचे फोटो काढले. हिरवट पाण्यात वाळूवर पडलेली एक जाड तार, बस्स. मॅट्रिक्सनंतर पंधराएक वर्षांनी लोकांना त्या आभासी जागेपेक्षा खरी तारच जास्त चकित करायला लागली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

अॅनिमेशनमध्ये मामोरू होसोदा यांचं काम जरूर बघा. २००९ च्या ‘समर वॉर्स’मधलं नेटवर्क पांढरंशुभ्र आहे, अंधार नाहीच. २०२१ च्या ‘बेल’मधलं आभासी शहर आखायला त्यांनी लंडनचे आर्किटेक्ट एरिक वाँग यांना घेतलं. सायबरस्पेस काळंच असतं असा काही नियम नाही, एवढं त्यातून घ्या. ‘सर्चिंग’ आणि मल्याळममधला ‘सी यू सून’ हे आणखी एक टोक. तिथे आत शिरायचा प्रयत्नच नाही, सगळी गोष्ट फोन आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर घडते. हा मार्ग स्वस्त वाटतो, पण अख्ख्या अॅपची बनावट स्क्रीन अक्षर अक्षर नव्याने बांधावी लागते.

आता तुमचा प्रसंग. अशा ऑनलाइन व्यवहारात नोटांसारखं काही हलत नाही. बँका आणि मधली यंत्रणा एकमेकांना निरोप देतात, एका खात्यात आकडा कमी होतो, दुसऱ्यात वाढतो. त्यामुळे तारेतून धावणारी रुपयाची चिन्हं दाखवू नका. या फसवणुकीत खरं नाट्य वेळेचं आहे. पैसे एका खात्यात फार थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ते पटापट वाटले जातात आणि कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात एटीएममधून निघतात. १९३० या हेल्पलाइनला लवकर फोन करा असं सांगतात ते त्यामुळेच.

मग अंतर म्हणजे मिनिटं, असं ठरवा. १८८१ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी असा नकाशा केला होता, लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं ते रंगांच्या पट्ट्यांनी दाखवणारा. तुम्ही मास्तरांचं घर मध्यभागी ठेवा आणि भोवती वर्तुळं काढा: एक मिनिट, पाच, दहा, वीस. बँकेची शाखा चालत बारा मिनिटं, म्हणजे ती लांब बाहेर जाईल. पोलीस ठाणं रिक्षाने पंधरा. मुलगा पुण्यात, पण मीटिंगमध्ये आहे, फोन उचलायला चाळीस मिनिटं, म्हणजे तो कागदाच्या पार कडेला. आणि पहिलं परकं खातं, दुसऱ्या राज्यातलं, अगदी उंबऱ्याला टेकलेलं, पहिल्याच वर्तुळात. शाहूपुरीतले रस्ते ताणून, वाकवून या मापात बसवा. बघणाऱ्याला अपरिचित गाव दिसेल आणि दोन सेकंदांनी ते आपलंच आहे हे कळेल. कोणीही निवेदन न करता मास्तर का हरले ते त्यात येतं.

हे करायला थ्रीडी सॉफ्टवेअर लागत नाही. काळा कार्डशीट घ्या, रस्ते आणि वर्तुळं टोच्याने भोकं पाडून काढा, खाली एलईडी पॅनल, मध्ये रंगीत जिलेटिन. हीच ट्रॉनची पद्धत, फक्त लक्ष्मीपुरीत मिळणाऱ्या सामानात. मोबाइल वर स्टँडवर घट्ट बांधा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, खालून एकेक भोक उघडत फ्रेम घेत जा. वर्तुळं नेमकी हवी असतील तर उद्यमनगरात लेझर कटिंगवाल्याकडून अॅक्रिलिक कापून आणा, फाइल मात्र स्वतः नीट करून द्या. भोकाच्या कडेला जो किंचित पसरणारा उजेड येतो तो प्लगइनने तसा येत नाही.

दिव्यांच्या काठीचा मोह होईल. रंकाळ्यावर रात्री ती भारीच दिसेल, करून बघा, पण या फिल्ममध्ये घालू नका. ती सिग्नलचा जोर मोजते, आणि तुमच्या गोष्टीत सिग्नल पूर्ण होता म्हणूनच घोटाळा झाला. काठी शोभेल ती दुसऱ्या गोष्टीत. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावामुळे इंटरनेट बंद ठेवलं होतं. दुकानांत क्यूआर कोड लटकलेले होते आणि त्यांच्यामागे काहीच नव्हतं. एकही दिवा न पेटलेली काठी घेऊन त्या दिवसांत भाऊसिंगजी रोडवरून कोणी चाललं असतं, तर काळा फोटो हाच अचूक नकाशा ठरला असता. त्यावर कोणीतरी फिल्म करायला हवी.

काही व्यवहाराच्या गोष्टी. बँकेचे मेसेज इंग्रजीत येतात आणि मास्तरांनी चष्मा शोधेपर्यंत एक वर्तुळ संपतं, तर तो मेसेज पडद्यावर इंग्रजीतच ठेवा, भाषांतराची पट्टी देऊ नका. बँकेचं नाव आणि अॅप काल्पनिक घ्या. आणि काळ्यावर बारीक चमकत्या रेषा अपलोड केल्यावर हमखास फुटतात, अंधारात पायऱ्या पायऱ्या दिसतात. रेषा दोन पिक्सेलपेक्षा बारीक ठेवू नका, काळ्यात थोडा ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, मिसळा आणि मास्टर, म्हणजे शेवटची मूळ फाइल, दहा बिटमध्ये काढा, म्हणजे छटा जास्त मिळतात. शाहू स्मारकसारख्या सभागृहात प्रोजेक्टरवर दाखवणार असाल तर काळा रंग करडा होतो हे धरून चाला, आणि शो असेल त्याच्या आदल्या दिवशी तिथल्याच पडद्यावर तो दीड मिनिट चालवून बघा.